खो दिला, खो दिया

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. खांब म्हटल्याबरोबर तुम्ही वर पाहिलंत, तार शोधलीत. उगाच शोधू नका. माझ्यावर तार नाही, दिवा नाही, छप्परसुद्धा नाही. मी खो-खोचा खांब आहे. मैदानाच्या टोकाला उभं राहायचं आणि पळणाऱ्याने येऊन हात टेकला की टेकू द्यायचा, एवढंच माझं काम. माझ्यासारखाच एक समोरच्या टोकाला असतो. आम्हा दोघांच्या मधे जे काय चालतं त्याला तुम्ही खेळ म्हणता. आम्ही खांब कधी जिंकलो नाही की हरलो नाही, त्यामुळे माझ्या सांगण्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

माझा जन्म इंदूरच्या एका कापड मिलच्या सुतारखात्यात झाला. मिल तेव्हा धडधाकट होती. भोंगा झाला की अर्धं शहर घड्याळ लावून घ्यायचं. कामगारांच्या मुलींचा खो-खोचा संघ निघाला आणि त्यांना खांबांची जोडी हवी झाली. दिनानाथ मिस्त्रींनी शिसवाचा एक ओंडका घेतला आणि त्याच्यातून आम्हा दोघांना काढलं. म्हणजे आम्ही सख्खे भाऊच. मी जरा बोलका आणि तो अगदी घुमा. खांब गुळगुळीत झाला की नाही हे मिस्त्री हाताने बघत नसत. हात कामाने राठ झालेले, त्यांना काय कळणार? ते आपला गाल आमच्यावर घासून बघत आणि म्हणत, "छोरियों के हाथ में फाँस नी लगना." पोरींच्या हातात कुसळ जाऊ नये, म्हणून. त्या गालाला दाढीचे खुंट असायचे, आणि टोचायचं ते मलाच.

पहिली वर्षं थाटात गेली. दसऱ्याला आम्हाला हळदकुंकू लागायचं, पुढ्यात नारळ फुटायचा. संघ जिंकून आला की मुली हार ढालीला घालायच्या आणि उरलेली फुलं आमच्या डोक्यावर ठेवायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

ज्यांनी खो-खो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी फक्त क्रिकेट पाहिलंय, ते मला माहीत आहे. आठ जणी मधल्या पट्टीवर आखलेल्या चौकांत ओळीने बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पाठलाग करते. पळणारी ओळीतून आरपार, हवी तशी निघते, पण पाठलाग करणारीला मधली पट्टी ओलांडायची बंदी. पलीकडे जायचं तर तिला खांबाला वळसा घालावा लागतो. नाहीतर पलीकडे तोंड करून बसलेल्या गडीणीच्या पाठीला हात लावून "खो" म्हणायचं. मग ती उठते आणि ही तिच्या जागी बसते. आणखी एक नियम आहे. शेवटची गडीण ओलांडून एकदा खांबाकडे निघालं की मागे फिरता येत नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर सगळं अडणार आहे.

आमच्या संघात दोघी होत्या, भानुमती आणि रमा. रमाचे वडील मिलच्या सूतखात्यात, राहायला परदेशीपुऱ्यात. ही मुलगी बसल्या जागेवरून अशी उसळायची की बघणारा दचकायचा. भानुमती उंच, शांत, आणि डोक्याने खेळणारी. तिचे वडील नाना दिघे मिलच्या हजेरी ऑफिसात क्लार्क होते आणि बिऱ्हाड बडा गणपतीजवळ. नाना शिस्तीचा माणूस. छापलेल्या अक्षरावर त्यांची एवढी श्रद्धा की पेपरात पाऊस लिहिला असेल तर कोरड्या उन्हात छत्री घेऊन निघायचे. मुलीचा सामना बघायला मात्र ते एकदाही आले नाहीत. "त्यात बघायचं काय? निकाल पेपरात येतोच," म्हणायचे. याचा मला जरा रागच होता.

मग मिल आजारी पडली. एकेक खातं बंद झालं, मग रात्रपाळी बंद झाली, आणि एके दिवशी भोंगा झालाच नाही. बाजारात नव्या रंगांच्या बाटल्या आल्या, परदेशी नावांचे टीव्ही आले, आणि आमच्या फाटकाला कुलूप आलं. कुणी म्हणालं देश खुला झाला. असेल. मी मैदानाच्या टोकाला उभा होतो, मला फक्त कुलूप दिसलं.

फाटक कायमचं बंद होणार त्याच्या आधी दिनानाथ मिस्त्री पहार घेऊन आले आणि आम्हा दोघांना उपटून काढलं. चौकीदाराने हटकलं तर म्हणाले, "भिया, ये मिल के नी हैं. ये छोरियों के हैं." मग मला भानुमतीच्या सायकलवर बांधलं, भावाला रमाच्या खांद्यावर दिलं आणि दोघींना दम भरला, "एक तू रख, एक तू. एक खंबे से खो-खो नी होता. लड़ोगी तो दोनों घर बैठोगी."

तेव्हापासून मी नानांच्या घरी, दाराच्या मागे उभा राहू लागलो. रोज संध्याकाळी भानुमती मला सायकलवर घालून निघायची. तिकडून रमा भावाला घेऊन यायची. एखाद्या शाळेच्या पटांगणात आम्हाला रोवलं की सराव सुरू. एकीला ताप आला की दुसरीचीही सुट्टी. भांडण झालं तरी दोघींना यावंच लागे. मग एक या टोकाला फुगून बसायची आणि एक त्या टोकाला.

नाना त्या दिवसांत सकाळी डबा घेऊन मिलच्या फाटकावर जाऊन बसायचे, इतर कामगारांबरोबर. आज उघडेल, उद्या उघडेल. घरात भानुमतीची आई नव्हती, ती फार आधीच गेली होती. तिचा धाकटा भाऊ देवेंद्र शाळेत. दूध एकवेळचं झालं होतं आणि पोह्यांवरची सेव बंद झाली होती. इंदूरच्या घरात पोह्यांवरची सेव बंद होणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अशात बातमी आली की चिमणबागेच्या मैदानावरचे सामने बघायला रेल्वेची माणसं येणार आहेत. खेळाडूंतून एका मुलीला नोकरी द्यायची आहे. एकीलाच. पक्की नोकरी, रेल्वेच्या संघाकडून खेळायचं, आणि जन्मभराची चिंता मिटली.

रमाच्या घरी तरी काय वेगळं होतं? तिचे वडील फाटकावर नानांच्याच शेजारी बसत. सराव संपल्यावर दोघी माझ्यापाशी पाय पसरून बसल्या होत्या. रमा म्हणाली, "ए भानू, जिला लागेल तिला लागेल. दुसरीने रुसायचं नाही, हाँ."

"मी रुसणार," भानुमती म्हणाली, "पण घरी जाऊन."

दोघी हसल्या. भानुमतीचं हसू आधी थांबलं.

चिमणबागेतले खांब चिरलेले निघाले म्हणून आमचीच जोडी मागवली गेली. त्यामुळे अंतिम सामना मी अगदी जवळून पाहिला. आमच्या मुलींना एक गडी टिपायचा होता आणि वेळ संपत आली होती. रेल्वेची माणसं माझ्याच बाजूला खुर्च्या टाकून बसली होती. पळणारी मुलगी मोठी चपळ. ती हुलकावणी देऊन ओळीतून पलीकडे गेली आणि माझ्या आडोशाला आली. अलीकडच्या बाजूने भानुमती धावत आली. मधे शेवटच्या चौकात रमा बसलेली, पाठ भानुमतीकडे, तोंड पळणारीकडे.

आता बघा. भानुमती रमाला ओलांडून पुढे आली असती, तर मला एका हाताने धरून, गरकन फिरून तिला सूर मारता आला असता. सूर लागला तर लागला. लागला असता तर चिमणबाग डोक्यावर घेतली असती लोकांनी, आणि रेल्वेच्या माणसांनी नाव लिहून घेतलं असतं. पण हुकला असता तर संपलंच, कारण खांबाकडे निघाल्यावर माघार नाही. मला तर वाटत होतं तिने यावं. खांबाला तसं वाटतंच, गडी आपल्याकडे यावा.

ती आली नाही. तिने रमाच्या पाठीला हात लावला आणि म्हणाली, "खो!"

रमा उसळली. पळणारी मागे सरकेपर्यंत रमाची बोटं तिच्या खांद्याला लागली होती. शिट्टी झाली. सामना जिंकला. मुलींनी रमाला उचललं, आणि रेल्वेच्या माणसांनी रमाचं नाव विचारलं. भानुमती रमाच्या रिकाम्या जागी बसली होती, कारण खो दिल्यावर तिथेच बसायचं असतं.

तेवढ्यात एका हिंदी पेपरचा पत्रकार आला. बिचारा एरवी क्रिकेटचं लिहायचा. त्याने भानुमतीला विचारलं, "आप तो इतने पास थीं, आखिर में क्या हुआ?"

भानुमती धापा टाकत होती. आपण इंदूरचे लोक बोलताना कुठे मराठी सोडतो आणि कुठे हिंदी धरतो, आपल्यालाही कळत नाही. ती म्हणाली, "आखिर में मैंने खो दिया ना."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: "टीम जीती, पर आखिरी मौका मैंने खो दिया, भानुमती का अफसोस."

मित्रांनो, मराठीत खो दिला म्हणजे दिला. हिंदीत खो दिया म्हणजे घालवलं. अक्षरं जवळजवळ तीच, पण एका भाषेत हात पुढे येतो आणि दुसरीत रिकामा राहतो.

सकाळी नानांनी पेपर वाचला, तेव्हा मी दाराच्या मागेच होतो. त्यांनी बातमी वाचली, परत वाचली, चष्मा काढला. भानुमती पोळ्या करत होती.

"भानू, चुकलं का गं तुझं?" त्यांनी हळूच विचारलं.

ती उठून दारात आली. हाताला पीठ होतं. "नाना, ते त्यांनी चुकीचं छापलंय. खरं तर मी…"

"छापलेलं चुकीचं कसं असेल?" नाना म्हणाले. "जाऊ दे. चूक काय, कुणाचीही होते. मी काही बोलणार नाही तुला. आजवर तुम्हाला एकच सांगत आलो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आता हातचं निसटलं, त्याला कोण काय करणार? जाणूनबुजून दुसऱ्या कुणाला देऊन आली असतीस, तर मात्र मी तुझं तोंड पाहिलं नसतं."

भानुमती दारातच थांबली. तिचं तोंड उघडं होतं ते मिटलं. चुकून घालवल्याला या घरात माफी होती, दिल्याला नव्हती. आणि तिने तर दिला होता, पुरतं समजून उमजून दिला होता.

"हो नाना," ती म्हणाली. "खो दिया."

आणि पोळी करपल्याचा वास आला म्हणून आत गेली.

त्या दिवसापासून तिने ताकास तूर लागू दिली नाही. रमाला नोकरी लागली. ती निरोप घ्यायला आली तेव्हा नाना नेमके फाटकावर होते. माझ्या भावाला तिने बरोबर नेलं, आठवण म्हणून. तो रेल्वेने रतलामला गेला, तोही बिनतिकिटाचा. जाताना तो काही बोलला नाही. घुमाच होता तो.

एका खांबाने खो-खो होत नाही, हे मिस्त्रींनी सांगितलंच होतं. माझे वाईट दिवस तिथून सुरू झाले. थोडे दिवस मी कपड्यांच्या दोरीला टेकू होतो. मग नाना एका औषधाच्या दुकानात लिखापढीला लागले, भानुमतीला शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा मिळाली, तीही कच्ची, दर वर्षी नव्याने अर्ज करायचा. बिऱ्हाड सुदामा नगरला आलं. तिथे मला कूलरच्या एका बाजूखाली आडवा घातला, कारण खिडकी उंच होती. वरून पाणी ठिबकायचं. उन्हाळाभर मी ओला आणि बाकी वर्षभर धुळीत. ज्याच्या डोक्यावर फुलं ठेवत त्याच्या अंगावर आता शेवाळ आलं होतं. मी तक्रार करत नाही. घर चालवायचं म्हणजे कुणाला तरी कूलरखाली जावंच लागतं.

नाना मुलीशी फार प्रेमाने वागत. तिथेच तर दुखणं होतं. खो-खोचा विषय निघाला की ते घाईने दुसरं काहीतरी काढत, तिला लागू नये म्हणून. पाहुण्यांपुढे आवाज खाली आणून सांगत, "बिचारीचं ऐनवेळी चुकलं हो. नशीब एकेकाचं." भानुमती आतून ऐकायची. एकदा ती कूलरात पाणी भरता भरता थांबली आणि बादली तशीच हातात घेऊन उभी राहिली. नाना बोलायचे थांबेपर्यंत ती हलली नाही.

मग तिने कॉलनीतल्या मुलींना गोळा करून खो-खो सुरू केला आणि मला कूलरखालून काढलं. घासलं, तेल पाजलं, रोवलं. समोर एक नवा सागाचा खांब आला. सरळ, देखणा, पण अंगात पाणी नाही. तरी मी पुन्हा उभा होतो. उभा खांब आणि आडवा खांब यांत केवढा फरक असतो, हे आडवं पडल्याशिवाय कळत नाही.

त्या वर्षी उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या दिवशी रमाला पाहुणी म्हणून बोलावलं. ती आता मोठी खेळाडू झाली होती. देशभर खेळून आलेली, पेपरात फोटो येणारी. पोरं सह्यांसाठी वह्या घेऊन आली होती. खरं म्हणजे निम्म्यांना क्रिकेटवाल्यांच्या सह्या हव्या होत्या, पण जी मिळेल ती.

रमा मैदानात आली ती आधी माझ्याकडे. माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "तुझा भाऊ गेला रे. दीमक लागली. एका पावसाळ्यात मैदानावरच राहिला, कुणी आत घेतलाच नाही." मी ऐकून घेतलं. वाळवी आतून खाते, बाहेरून खांब शेवटपर्यंत उभाच दिसतो. तो घुमा होता, त्याने कुणाला सांगितलंही नसेल.

माईक निशांतच्या हातात होता. कॉलनीतलाच हौशी मुलगा. आदल्या दिवशी चहावर नानांनी त्याला ती जुनी गोष्ट सांगितली होती, नेहमीच्याच कळवळ्याने. निशांतला वाटलं, भाषणाला बरी आहे. तो म्हणाला, "तर मित्रांनो, एकाच मैदानात दोन मैत्रिणी होत्या. आपल्या भानू मॅडमने आखिरी मौका खो दिया, आणि रमाजींनी तो पकडला. आज रमाजी कहाँ, आपण कहाँ! तो सीख क्या मिली? मौका खोना नी, भिया!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या खुर्चीत काठी घेऊन बसलेल्या नानांनी मान हलवली. भानुमती मुलींच्या रांगेजवळ उभी होती आणि हसली. ते हसू मी ओळखतो. रमाच्या कपाळाला मात्र आठी पडली.

ती बोलायला उठली. "मला इथे सांगायला बोलावलंय की जिंदगीत पुढे कसं जायचं. आता मी काय सांगू? मी तर जन्मभर दोन खांबांच्या मधे पळाले. पण जे शिकले ते सांगते. पहिली गोष्ट, पायाची नखं कापा. हसू नका! माझी एक अख्खी टूर्नामेंट एका नखाने खाल्ली. दुसरं, अभ्यास करा. गुडघा फार लवकर बोलायला लागतो, मग मार्कशीटच कामाला येते. तिसरं, बसायला शिका. आठ जणी बसतात आणि एकच पळते, म्हणजे खेळात बसणंच जास्त. नाव व्हायच्या आधी सगळ्यांनाच बसावं लागतं. पण बसणं म्हणजे झोपणं नाही. पंजे टेकलेले, नजर समोर, कान मागे. आणि खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. कितीही घाई झाली तरी नाही. उठलात की फाऊल."

तेवढ्यात संहिता उभी राहिली. भानुमतीच्या संघातली सर्वांत लहान मुलगी, पण तोंडाची तिखट. "रमाताई, तुम्ही मौका पकडला आणि आमच्या टीचरने खो दिया. मग आमच्या टीचर हरल्या का?"

निशांत पुढे झाला, पण रमाने त्याला हाताने थांबवलं.

"अगं, मौका नाही, खो! खो दिला तिने. मला दिला." ती माझ्यापाशी येऊन, त्या दिवशीसारखी पाठ करून बसली. "मी अशी बसले होते. भानू माझ्या मागून आली."

भानुमतीने मान हलवली. नको, नको अशी. रमाला वाटलं, ही लाजते आहे.

"तिला सूर मारता आला असता. लागला असता तर आज ती इथे पाहुणी असती आणि मी तुमची टीचर. रेल्वेत एकच जागा होती. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. पण सूर हुकला असता तर सामना गेला असता, आणि खो दिला तर सामना नक्की होता. तिने खो दिला. माझी नोकरी, माझं घर, माझं नाव, सगळं तिच्या एका हाताने आलंय बाबांनो. तुम्ही माझ्या सह्या घेता? घ्या. पण ज्याचा फोटो छापून येतो त्याला एक विचारत जा, तुला खो कुणी दिला? फोटोत तो कधी नसतो."

नानांची काठी खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही. "एक मिनिट," ते म्हणाले. "पेपरात तर आलं होतं…"

"ते हिंदीत छापलं, नाना. हिचा खो मराठीतला होता," रमा म्हणाली, आणि लोक हसले.

नाना हसले नाहीत. "भानू, इकडे ये."

ती गेली. माईक चालूच होता, त्यामुळे मैदानाच्या टोकापर्यंत सगळं ऐकू आलं.

"तुला माहीत होतं, एकच जागा आहे?"

"हो नाना."

"आणि घरात काय परिस्थिती होती, तेही?"

"हो नाना. तरी दिला. खेळात तेच बरोबर होतं."

इतकी वर्षं ज्या वाक्याची तिला भीती वाटत होती, ते आता येणार, असं मलाही वाटलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला होतात, जाणूनबुजून दिलं असतंस तर तोंड पाहिलं नसतं."

नानांनी विचारलं, "मी असं म्हणालो होतो?"

"हो."

"मी? तुला?" त्यांनी कपाळाला हात लावला. "मला तर आठवतसुद्धा नाही गं."

भानुमतीला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. नानांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी तुझी कीव करत बसलो, भानू. लोकांना सांगत फिरलो, बिचारीचं चुकलं. तुझं कौतुक करायचं होतं. ते राहूनच गेलं की गं."

टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाला सुचलंच नाही. संहिताने तेवढी नानांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला माणसांचं सगळं कळत नाही. पण पाहिलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना स्वतःची खुर्ची घेऊन मैदानात आले. ना सामना होता, ना पाहुणे. नुसता सराव. ते माझ्या शेजारी बसले आणि चुकीच्या जागी टाळ्या वाजवू लागले. संहिता खो मिळायच्या आधीच उठली तर त्यालाही टाळी. भानुमती म्हणाली, "नाना, तो फाऊल आहे." ते म्हणाले, "असू दे, मला सांग कसा ते." मग तिने त्यांना चौक दाखवला, मधली पट्टी दाखवली, कोण कुठे तोंड करून बसतं ते दाखवलं. अंधार पडेपर्यंत ते एकेक विचारत राहिले आणि ती सांगत राहिली.

तुम्हाला माझी एकच विनंती. तुम्ही खेळत असाल तर घरच्यांना एकदा मैदानावर आणा. बक्षीससमारंभाला नको, तिथे काही कळत नाही. साध्या सरावाला आणा, खांबाजवळ बसवा आणि सगळं नीट समजावून सांगा. ते बाबा असोत, आजी असोत, चुकीच्या जागी टाळ्या वाजवतील, वाजवू द्या. आणि जाताना आम्हाला उपटून आत ठेवत जा. पावसात आम्ही फुगतो, मातीत वाळवी असते, आणि आतून पोखरलं गेलं तर आम्हाला ते सांगता येत नाही. तुम्हाला येतं. तेव्हा तुम्ही सांगत जा.